अडीच मिनिटांची साक्ष

चर्चतर्फे युगांडाला प्रचाराला निघालेल्या आमच्या टीमचा लीडर घोडबंदर रोडवरच्या एका आयटी कंपनीत होता, त्यामुळे देवाच्या कामातही मोबाइलवर टायमर लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पहिल्याच सरावाला त्याने मला बजावलं की साक्षीला पाच मिनिटं मिळणार, म्हणजे तुझ्या वाट्याला अडीच. युगांडात आम्ही इंग्रजीत बोलणार आणि एकेक वाक्य झालं की तिथला दुभाषा ते त्यांच्या भाषेत सांगणार, म्हणजे निम्मा वेळ त्याचा. मी घरी बोलून बघितलं तेव्हा माझी साक्ष बारा मिनिटं चालली होती.

साक्ष म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, याला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष म्हणतात. दर रविवारी कुणी ना कुणी देतंच. कुणाची दारू सुटली, कुणाला नोकरी लागली, कुणाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मूल झालं. माझी साक्ष खरं तर माझी नव्हतीच, आईची होती. आई कॅन्सरमधून उठली आणि त्यामुळे आम्ही दोघी विश्वासात आलो, म्हणजे येशूला मानू लागलो, एवढीच ती गोष्ट.

आम्ही मूळचे राजापूरकडचे. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला, घर बाळकुमला. मी कॉलेजात असताना आईच्या उजव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, छाती गेली, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग केस गेले. आमच्या नातेवाइकांचं तेव्हाचं वागणं मी विसरलेले नाही. मामी डबा घेऊन यायची, पण खाटेपासून चार हात लांब उभी राहायची, कॅन्सर उडी मारून अंगावर येतो की काय अशी. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर कल्याणची एक बाई होती. ती स्वतः धड बसू शकत नव्हती, तरी आईची उलटी पुसायची आणि आईचा हात धरून प्रार्थना करायची. आई देवाकडे गेली ती त्या बाईच्या हातामुळे, असं माझं मत. आईचं म्हणणं, प्रभूने बोलावलं. आम्ही यावरून पुष्कळ वाद घातले आणि दर रविवारी एकाच रिक्षाने निघालो.

मंडळी भरायची कल्याण पूर्वेला, फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. बाबा कधी आले नाहीत. गणपतीला ते एकटे गावी जायचे आणि येताना आमच्यासाठी प्रसाद न आणता फणसपोळी आणायचे. कुणाला न दुखावण्याची त्यांची ती पद्धत होती. त्यांना कुणी टोचलंच तर म्हणायचे, तिला बरं वाटतंय ना, मग माझं काय जातंय.

युगांडाला जाणाऱ्या सहा जणांत माझं नाव निघालं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवत होते. विमान कधी आतून पाहिलं नव्हतं. आईने ती बातमी ऐकून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. पुढच्या काही महिन्यांत तिला तसा धरता येणार नव्हता, पण तेव्हा ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

तयारी जोरात सुरू झाली. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा बाबांनी फिरायला चाललीय म्हणून सांगितलं. सोसायटीत आम्ही क्लासतर्फे ट्रेनिंग असल्याची थाप ठोकून दिली, कारण आमच्या घरी प्रार्थनेला चार माणसं जमली तरी खालच्या मजल्यावरून चौकशी व्हायची आणि आम्ही खिडक्या लावून घ्यायला शिकलो होतो. पीतज्वराची लस घेतली. तिने दोन दिवस ताप आला. दर शुक्रवारी उपास. रविवारी दुपारी डोंबिवलीत, लीडरच्या इमारतीच्या गच्चीवर मूकनाट्याचा सराव. त्यात मी पाप होते. काळा टीशर्ट घालून सगळ्यांना दोरीने बांधायचं, एवढंच माझं काम, आणि ते मला फार चांगलं जमतं असं सर्वांचं एकमत होतं. वॉचमन दर वेळी बघायला यायचा. हे टेंभी नाक्याच्या नवरात्रात दाखवणार का, असं त्याने विचारलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. त्या महिन्यांत मी खूप हसले, हे आता आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

साक्ष कापायचं काम घरी चालायचं. मी फ्रिजजवळ उभी राहून बोलायची, आई कॉटवर बसून ऐकायची. बारा मिनिटांची आठ झाली, आठची सहा. तिथून खाली येईना. आईनेच वाट दाखवली.

"ऑपरेशनचं काढून टाक," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं पण ऑपरेशन झालं ना. त्यावर तिने मला समजावलं की झालं, पण ते सांगितलंस तर ऐकणारे म्हणतील डॉक्टरने केलं. तिथल्या गरीब बायांना कुठला आलाय एवढा मोठा डॉक्टर? त्यांना काय सांगणार तू, मोठ्या हॉस्पिटलात जा? त्यांना धीर येईल असं सांग. तिचा मुद्दा बिनतोड होता. ऑपरेशन गेलं. मग केमो गेला, केस गेले, पाच वर्षं घ्यायच्या गोळ्या गेल्या. आई मरायला टेकली होती, एका बाईने तिचा हात धरून प्रार्थना केली, आई उठून बसली. टायमर अडीच मिनिटांच्या आत थांबला. लीडरने टाळ्या वाजवल्या.

आमचे पास्टर मात्र सरावाला आले असताना जरा थबकले. ते स्वतः ब्लडप्रेशरची गोळी घेत आणि कुणापासून लपवत नसत. ऑपरेशनचं का गाळलं, असं त्यांनी विचारलं. लीडर म्हणाला, वेळ पुरत नाही. पास्टर हं म्हणाले आणि चहा प्यायले.

त्याच दिवसांत आईने मला स्वयंपाकाला जुंपलं. पोळ्या मी लाटायच्या, कुकर मी उचलायचा, गॅलरीतले कपडे मी काढायचे. तिकडे कोण बसलंय तुला करून घालायला, आत्ताच सवय कर, असं ती म्हणायची. मी कुरकुरायची आणि करायची. घरातल्या घरात ती साडीचा पदर उजव्या खांद्यावरून लपेटून बसू लागली. पंख्याचा वारा लागतो म्हणाली. मी आणि बाबा, आम्ही दोघांनीही ते मानलं. माणूस घरात रोज दिसत असला की त्याच्याकडे कुणी बघत नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी हॉलमध्ये आमची पाठवणी होती. त्या वेळी जाणाऱ्यांनी पुढे गुडघे टेकायचे आणि आईवडिलांनी मागून येऊन मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, अशी आमच्यात रीत आहे. त्या दिवशी बाबा पहिल्यांदाच आले. इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटच्या रांगेत, अंग चोरून बसले होते. नाव पुकारल्यावर दोघं पुढे आले. आधी बाबांचा जड हात माझ्या डोक्यावर पडला. मग आईचा. तो डावा होता.

आईने विश्वासात आल्यावर बरंच काही सोडलं होतं. चतुर्थी सोडली, कुंकू सोडलं, नारळ फोडणं सोडलं. पण उजवा-डावा तिने सोडला नव्हता. डाव्या हाताने तिने कधी कुणाला पाण्याचा पेला दिला नाही. लहानपणी मी पाहुण्यांना डाव्या हाताने साखर दिली म्हणून मला धपाटा मिळाला होता. प्रभुभोजनाची भाकर घेताना पिशवी उजव्या हातात असली तर ती पिशवी खाली ठेवायची, मग भाकर घ्यायची. आणि त्या बाईने देशाबाहेर निघालेल्या पोरीच्या डोक्यावर डावा हात ठेवला होता.

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. पास्टर मोठ्याने प्रार्थना करत होते. मी डोळे उघडून मागे वळले. पदराखालून तिच्या उजव्या हाताची बोटं दिसत होती, फुगलेली, त्वचा ताणून चकचकीत झालेली. आईचे डोळेही उघडेच होते. तिने मला बघताना बघितलं आणि हळूच मान हलवली, आत्ता नको म्हणून.

घरी आल्यावर मी दार लावलं आणि तिचा पदर ओढला. हात खांद्यापासून सुजला होता, ब्लाउजची बाही तिने आतून उसवून ठेवली होती. हात खांद्याच्या वर उचलला जात नव्हता. कधीपासून, असं विचारल्यावर ती म्हणाली, तुझं नाव निघालं त्यानंतर थोड्याच दिवसांनी. गोळ्या? गोळ्या तर तिने त्याच्याही कितीतरी आधी बंद केलेल्या.

"सकाळी गोळी गिळायची आणि रविवारी उभं राहून सांगायचं की मी बरी झाले. मला ते खोटं वाटायला लागलं," ती म्हणाली. "साक्षीत खोटं चालत नाही ना."

मी तिला तोंडाला येईल ते बोलले. मूर्ख म्हणाले, अडाणी म्हणाले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाय, तू तिकडे उभी राहून सांगणार की माझी आई बरी झाली. आणि मी इकडे हॉस्पिटलच्या रांगेत उभी राहू? तू सांगून ये. मग जाते मी. देवाशपथ जाते."

बाबांनी कपाटावरून आईची जुनी हॉस्पिटलची फाइल काढली, रुमालाने धूळ पुसली आणि टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हात बघितला आणि इतके दिवस कुठे होतात म्हणून विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. तपासण्या झाल्या. ते हाडांत गेलं होतं, पाठीच्या आणि खांद्याच्या. आता बरं करण्याचं औषध नाही, त्रास कमी करण्याचं आहे, असं त्यांनी नीट मराठीत, सावकाश सांगितलं. मी त्याच दिवशी जाणं रद्द केलं. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आजारापेक्षा तिला त्याचा राग होता.

पास्टर घरी आले. औषधही देवानेच दिलंय ताई, तुम्ही मला एकदा विचारायचंत तरी, असं म्हणताना ते रडले. लीडर आला, तोही रडला, अगदी खरं रडला. मला कुणावर तरी राग काढायचा होता आणि समोर येणारं प्रत्येक माणूस चांगलं निघत होतं. मग लीडरने चाचरत विषय काढला. तिथल्या मंडळींना कार्यक्रम कळवून झालाय, बायांच्या सभेत ही साक्ष ठरलीय. माझ्याऐवजी टीममधली दुसरी मुलगी ती सांगेल, आमच्या मंडळीतल्या एका ताईची गोष्ट म्हणून, तर चालेल का? मी म्हटलं, हिलाच विचार. त्याने तोंड उघडायच्या आत आई हो म्हणाली होती.

टीम गेली. मी क्लासमधून रजा घेतली होतीच, ती रेडिएशनच्या फेऱ्यांत संपली.

व्हिडिओ आला तेव्हा आम्ही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो होतो, नंबर लागायला वेळ होता. पत्र्याचं छप्पर, रंगीबेरंगी कपड्यांतल्या खूप बाया, मांडीवर पोरं. आमची मुलगी एक वाक्य बोलायची, दुभाषा दुसरं. वाक्यं माझीच होती, मी फ्रिजजवळ उभी राहून पाठ केलेली. आई उठून बसली हे वाक्य आलं आणि त्या बाया उठल्या. जिभा हलवून त्यांनी जो आवाज काढला, त्याने माझ्या मोबाइलचा स्पीकर फाटायला आला. त्या नाचायला लागल्या. एक म्हातारी पदराने, म्हणजे पदरासारखं जे काही होतं त्याने, डोळे पुसत होती.

आईने डाव्या हाताने मोबाइल धरला होता. शेजारी बसलेल्या पेशंटने काय चाललंय म्हणून वाकून बघितलं. आईने मला विचारलं, काय म्हणतायत त्या? मी म्हटलं, तू बरी झालीस म्हणून आनंद करतायत. तिने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, आणि मग पुन्हा.

"त्यांना यातलं काही कळवू नका हं," ती म्हणाली. "बिचाऱ्या किती खूश झाल्यात."

आई पुढच्या गणपतीच्या आधी गेली. बाबा त्या वर्षी गावी गेले नाहीत. मी मंडळीत जाते अजून, पण साक्षीच्या वेळी बाहेर जिन्यात उभी राहते आणि पास्टर मला त्याबद्दल काही विचारत नाहीत.

वर्षभराने लीडरचा मेसेज आला. त्या गावातल्या बाया दर सभेत साक्षीतल्या त्या बहिणीसाठी प्रार्थना करतात, तिथल्या पास्टरने विचारलंय की ती कशी आहे, काय कळवू? मी सगळं लिहिलं. ऑपरेशन लिहिलं, केमो लिहिला, गोळ्या, सुजलेला हात, हाडं, शेवटचे दिवस, तिचं ओरडणं. अडीच मिनिटांत मावलं नसतं एवढं लिहिलं. मग सगळं पुसलं आणि लिहिलं, बरी आहे म्हणून सांग.