आकड्यांतलं गाणं

मी जन्माचा भित्रा. कुत्रं भुंकलं तरी आपणच आधी माफी मागावी, असा. अशा माणसाच्या हातात बेस गिटार आली, कारण आमच्या गाण्याच्या पार्टीतल्या बेसवाल्याला नांदेडला नोकरी लागली आणि बाकी कुणाला ते वाद्य नको होतं. जयंतीच्या महिन्यात आमची पार्टी गावोगाव कार्यक्रम करायची. लोक गायकाकडे बघायचे, टाळ्या ढोलकीवाल्याला पडायच्या आणि बेसवाला आपला मागे अंधारात उभा. मला ती जागा फार आवडली.

सूरबीर मला काही कळत नव्हते. बेसवाल्याने जाताना गाणी कागदावर मांडून दिली. चार आडव्या ओळी म्हणजे चार तारा, आणि ओळीवरचा आकडा म्हणजे गिटारच्या मानेवर कितव्या पट्टीत बोट दाबायचं ते. शून्य असेल तर तार मोकळी सोडायची. "वरची ओळ म्हंजे वरची तार," एवढं सांगून तो गेला आणि मी पंधरा दिवस अख्खं गाणं उलटं शिकलो. त्याच्या लेखी वरची म्हणजे वरच्या सुराची, बारीक तार. गिटार हातात धरली की ती असते सगळ्यांत खाली. वीज न जोडता ही गिटार नुसती धपधप करते, त्यामुळे माझी चूक मलाही ऐकू आली नाही. पार्टीच्या मास्तरांनी पहिल्यांदा ॲम्प्लिफायर लावून ऐकलं आणि म्हणाले, "हे गाणं हाय का रेडा वरडायलाय?"

पुन्हा पहिल्यापासून शिकलो. पण पाठ म्हणून काही होईना. कागद समोर असला की बोटं चालायची, नसला की मेल्यासारखी पडून राहायची.

कागदावर गाण्याचं नाव मात्र मी लिहू दिलं नव्हतं. मी शाळेत असताना नामांतराच्या वादात गावातली आमची वस्ती पेटवली होती. आम्ही दोन दिवस ओढ्यात बसून काढले. तेव्हापासून वडिलांचं एकच पालुपद होतं, "आपलं गाणं तोंडात ठिवावं, कागदावर न्हाई." मी तर ते तोंडातही दबकतच ठेवायचो.

पुढे वर्षं गेली, नामांतर काही झालं नव्हतं. एका एप्रिलमध्ये जिंतूरला कार्यक्रम ठरला. मास्तर आणि बाकीचे सामान घेऊन सकाळीच टेम्पोने पुढे गेले. मी सेलूहून दुपारच्या एसटीने निघालो, गिटार चादरीत गुंडाळून. आदल्या दिवशी जवळच्या एका गावात दगडफेक झाली होती. देवगाव फाट्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. चौघे होते. त्यांतला एक हवालदार आत चढला आणि एवढ्या गर्दीत नेमका माझ्यापाशी येऊन थांबला.

माझी नजर आधी त्याच्या छातीकडे गेली. त्या दिवसांत आम्ही माणसाचं तोंड बघण्याआधी आडनाव बघायचो. पुढे काय बोलायचं, ते त्यावर ठरायचं. पण उन्हासाठी त्याने गळ्यात पंचा टाकला होता आणि नावाची पट्टी त्याखाली झाकली गेली होती.

त्याने चादर सोडायला लावली. गिटार उलटीपालटी करून बघितली. मग माझ्या खिशातला कागद काढून उलगडला.

"हे काय हाय? मटक्याचे आकडे?"

"न्हाई साहेब. गाणं हाय."

"गाण्यात आकडे? ओपन कोन्ता, क्लोज कोन्ता, तेवढं सांग."

गाडीतले लोक हसले. कागद गेला तर संध्याकाळी मी स्टेजवर नुसता ठोकळा, आणि मास्तर दुसऱ्या दिवशी पार्टीतून काढणार. आणि हे कोणतं गाणं आहे ते सांगितलं, तर या गाडीत कोण कोण बसलंय ते देवालाच ठाऊक.

"वाजवून दाखव मग."

मी कागद मांडीवर ठेवून वाजवलं. धप, धप, धप.

"नुसतं धपधप काय? तोंडानं म्हन."

गाण्याच्या पहिल्याच ओळीत, ज्यांची जयंती त्यांचं नाव होतं. मला ओढा आठवला. तोंड उघडलं आणि बाहेर आलं एक भजन. शाळेत सगळ्यांना म्हणायला लावायचे, ते. बोटं कागदावरच्या आकड्यांवर आणि तोंड भलत्याच देवाच्या दारात.

हवालदार माझ्या बोटांकडे बघत होता. त्याचा अंगठा काठीवर हळूहळू ठेका धरत होता, भजनाचा नाही, बोटांतल्या गाण्याचा. मग तो म्हणाला, "बोटं येगळंच वाजवायलेत, तोंड येगळंच म्हनायलंय."

मी थांबलो.

त्याने कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या हाताने माझ्या खिशात ठेवली. एकदा दाराकडे बघितलं, तिथे त्याचे जोडीदार उभे होते. मग गिटार बघतोय असं करून तो वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "जयभीम."

हा सापळा असेल, खाली तिघे उभे आहेत, अख्खी गाडी बघतेय, सगळं एका श्वासात डोक्यात आलं. मी हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "राम राम, साहेब."

तो क्षणभर तसाच वाकलेला राहिला. मग ताठ झाला, "राम राम," म्हणाला आणि उतरून गेला. कंडक्टरने घंटी दिली.

संध्याकाळी जिंतूरला माझा एकही आकडा चुकला नाही. मास्तरांनी पाठ थोपटली. मंडपात शेकडो माणसं एकमेकांना जयभीम घालत होती. मीही घालत होतो, मोठमोठ्याने. तिथं काय जातं? मला लाज वाटत होती, आणि ती अजून गेलेली नाही. फाट्यावर त्या चार खाकी कपड्यांत आपल्यातला तो बहुधा एकटाच होता. एवढ्या दबक्या आवाजात बोलला, म्हणजे भीती त्यालाही होती. तरी तो बोलला.