प्रणिताचे हातमोजे

हातमोजे कधी घालायचे, हे रोह्याजवळच्या वरसे गावची प्रणिता बापाकडून शिकली. हिरामण म्हणजे धाटावच्या एका रसायन कंपनीत पंचवीस वर्षं काढलेला ऑपरेटर, आणि स्वतःच्या मते निम्मा शास्त्रज्ञ. तो सांगायचा, "बाटलीवर धोक्याची खूण दिसली की मोजं चढव. नाय दिसली तर काढून टाक, उगा घामानं हात कुजतात." पेणला बी.एस्सी., पुढे एम.एस्सी. करून प्रणिताही धाटावच्याच एका प्रयोगशाळेत लागली आणि चार वर्षं हा नियम पाळत आली.

मनात मात्र आरएनएने घर केलं होतं. पेशी आरएनएचा लांबलचक कच्चा धागा बनवते, त्यातले नको ते तुकडे कापते आणि उरलेले नेमके जोडते. ही कापाकापी कशी चालते, यावर तिला पीएच.डी. करायची होती. शिफ्टच्या बसमध्ये अभ्यास करून तिने प्रवेश परीक्षा पार केली. पुण्याच्या एका संस्थेत जागा एकच होती आणि शेवटच्या फेरीला उमेदवार चार.

फेरी प्रत्यक्ष कामाची होती. प्रत्येकाला आरएनएची इवलीशी नळी दिली. धागा कापून जोडलेला आहे की कच्चाच, ते तपासून सांगायचं. प्रणिताने नळी फिरवून पाहिली. धोक्याची खूण नव्हती. तिने सवयीने हातातले मोजे काढले आणि कामाला लागली.

दोन तासांनी तपासणीच्या जेलवर स्वच्छ पट्ट्याऐवजी तुटक्या आरएनएचा नुसता फराटा उमटला. शंभरदा वाचलेलं आत्ता आठवलं. माणसाच्या कातडीवरचं एन्झाइम आरएनएचा फडशा पाडतं. इथे मोजे हाताला जपायला नव्हतेच, नळीला हातापासून जपायला होते. शेजारचा उमेदवार हळूच म्हणाला, "नमुनाच खराब होता म्हणून सांगा." मोह झाला, नाही कशाला म्हणायचं. पण झालेली चूक न लपवता नोंदवायची, ही कामावरची सवय सुटेना. वहीतल्या आधीच्या अंदाजावर तिने एकच रेघ मारली, खाली लिहिलं, 'नमुना माझ्या उघड्या हातांनी खराब झाला', आणि वेळ टाकून सही केली.

फेरी घेणाऱ्या प्राध्यापक बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. "हे लपवता आलं असतं."

"आलं असतं मॅडम. पण मग उद्या ही वही वाचणारा भलतीकडेच चूक शोधत बसला असता."

बाई "बरं" एवढंच म्हणाल्या. जागा गेली असं धरून प्रणिता रोह्याला परतली आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेली.

आठव्या दिवशी मेल आला. निवड झाली होती. खाली बाईंनी लिहिलं होतं, 'तुमच्या वहीतली नोंद आवडली. मोज्यांचं आम्ही बघू.'

हिरामणने सगळं ऐकून घेतलं आणि तो ओशाळला. "म्हंजे माझ्याच सांगण्यानं जागा जात व्हती."

"व्हय बाबा."

तो उठला आणि कपाटात जपून ठेवलेली कोऱ्या मोज्यांची जोडी घेऊन आला. कोपरापर्यंत येणारे, आम्ल हाताळायचे, जाडजूड.

"यांत ती नळी धरता पण नाय येणार," प्रणिता हसत म्हणाली.

"नेऊन तर ठेव. आता खूण असूदे, नसूदे."

प्रणिताने ते बॅगेत सगळ्यांत वर ठेवले.