गोल घरातला दगड

गोल घर दिसायला देखणं होतं, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, हिच्या डोळ्यांत ते पहिल्यापासूनच खुपत होतं.

पुण्याहून एक बाई आल्या होत्या. घरं बांधायचं शिकलेल्या, बोलायला गोड, भर उन्हात अनवाणी फिरणाऱ्या. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना मातीचं गोल घर बांधायचं होतं. सिमेंट नाही, लोखंड नाही, आणि बांधता बांधता सगळ्यांनी शिकायचं. त्यासाठी शहरातली पोरं-पोरी पाठीवर पिशव्या लटकवून आली. "आपल्याला मातीशी नातं जोडायचंय," असं बाई म्हणाल्या तेव्हा आईनं माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावला. आमच्या आईचं मातीशी नातं इतकं जुनं, की कुणी सोडचिठ्ठी मिळवून दिली असती तर तिनं पेढे वाटले असते.

जागा गावठाणातली, पडीक. तिच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला आमची बौद्ध वस्ती. या घराचं पुढं करायचं काय, असं बाईंनी बैठकीत विचारलं तेव्हा माझी भाची, माझ्या भावाची मुलगी, उठून उभी राहिली. "अभ्यासाला द्या," म्हणाली. ती सायन्सला होती, बारावीत जाणार होती, नर्स व्हायचं तिच्या डोक्यात पक्कं होतं. भावाचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली. त्यात आई, भाऊ, वहिनी, धाकटी पोरं आणि दिवसभर चालणारा टीव्ही. वस्तीतल्या बाकी पोरींचीही तीच गत. गावातले एक मोठे शेतकरी आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. ते म्हणाले, "पोरी शिकल्या तर गावाचंच नाव व्हईल की! अभ्यासालाच द्या." मी सेलूला शाळेत शिकवते, सुट्टीत गावी आले होते. मीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

मग खड्डा खणला, त्यात पांढरी माती, भुस्सा, शेण, पाणी. गारा तुडवायला सगळे उतरले. वस्तीतल्या बाया, गावातल्या बाया, दादा धोतर खोचून, शहरातली पोरं खिदळत. एका खड्ड्यात सगळ्या गावाचे पाय! खोटं कशाला बोलू, मला भरून आलं होतं. चहा मात्र दोन किटल्यांत यायचा, एक गावातून आणि एक वस्तीतून, पण त्यावर कुणी बोललं नाही. शहरातल्या पोरांना वाटलं, चहा लय लागतो म्हणून दोन किटल्या.

पांढरी खणताना एक दगड निघाला. जुन्या देवळांचं चारठाणा आमच्या जवळच, त्याच्या आसपास असले घडीव दगड पैशाला पासरी. कुठल्या तरी जुन्या बांधकामाचा तुकडा, वरून गुळगुळीत, बाजूला थोडी वेलबुट्टी. कुणी हात जोडले नाहीत, कुणी फुलं वाहिली नाहीत. त्या दगडानं आम्ही आतली जमीन चोपली. घर झाल्यावर बाई म्हणाल्या, हा आतच असू दे, बसायला होईल. खिडकीखाली ठेवला. आतलं लिंपण आईनं केलं. बाईंनी तिच्या तळहातांचे फोटो काढले, तोंडाचा एकही काढला नाही.

पावसाळाभर भाची त्या दगडावर बसून शिकली. मी सुट्टीला आले की डबा द्यायला जायची. खिडकीतून उजेड थेट वहीवर पडायचा आणि आत इतकं गार, की मलाही तिथंच आडवं व्हावंसं वाटायचं. "आत्या, इथं डोक्यात लगेच शिरायलंय बघ," ती म्हणायची. चाचणीत तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. आईनं सगळ्या वस्तीला सांगितलं, ज्यांना माहीत होतं त्यांनाही पुन्हा सांगितलं.

मग येळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्याकडं शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करतात, आत दगड मांडून पूजा करतात आणि गावभर जेवणावळी उठतात. दुसऱ्या दिवशी सकाळी भाची पुस्तकं घेऊन गेली तर दगडाला शेंदूर फासलेला. पुढं नारळ, उदबत्ती. रात्रीतून देव! कुणी केलं, कुणालाच ठाऊक नाही. चार दिवसांत घंटा आली. आणि आधी काय केलं म्हणाल, तर आमच्या पोरी बसलेल्या त्या दगडाला दुधानं आंघोळ घातली. कशाची आंघोळ, हे कळायला शाळा लागत नाही.

मी रजा टाकून गावी आले आणि तडक दादांकडं गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी विचारलं. "मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. पोरींना कुणी अडवलंय का? बसू द्या की, बाहीर वट्यावर."

"वटा उन्हात आहे, दादा."

"आता देवाच्या म्होरं आमी काय बोलावं?"

"याच देवानं आपण जमीन चोपली होती, दादा. तुम्हीच धरला होता एका बाजूनं."

ते हसले. चिडले असते तर बरं वाटलं असतं. बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, गावाच्या श्रद्धेत आपण कसं पडायचं?

भाची परत पत्र्याखाली आली. कानात कापूस घालून वाचायची. पास झाली, पण मार्क असे पडले की नर्सिंगचा विषयच संपला. आमच्या पोरीचं डोकं कमी नव्हतं, हे मी वर्गात शिकवणारी बाई म्हणून सांगते. तिला जागा मिळाली होती आणि ती हिसकावून घेतली. आता ती सेलूच्या जिनिंगात जाते, माझ्याकडं राहते. संध्याकाळी केसांतला कापूस झटकते आणि जेवून गप झोपते.

उन्हाळ्यात दादांकडचा माणूस वस्तीत आला. पावसाआधी भिंतींना लिंपण हवं होतं. "मावशे, तुज्या हाताला लय गुण हाय. तू बाहीरचं बघ. आतलं आमच्या बाया करत्यात."

आईनं त्याला शांतपणे विचारलं, "आतलं पहिलं कुणी केलं व्हतं रे?"

तो आल्या वाटेनं निघाला. आई लिंपायला गेली नाही. पावसानं वस्तीकडची भिंत खाल्ली, मग त्यांनी तिला सिमेंट मारलं आणि वर पत्रे टाकले. मातीच्या घराचं सिमेंटचं देऊळ झालं. चला, कुणाला तरी पक्कं घर मिळालं.

परवा त्या बाईंचा फोन आला. कुणीतरी देवळाचा फोटो पाठवला होता. सिमेंटचं थोडं वाईट वाटलं म्हणाल्या, पण गावानं घर आपलंसं केलं याचा आनंद फार. येलदरीकडं नवीन शिबिर आहे. "तुमच्या भाचीला पाठवाल का? गारा कसा तुडवायचा ते पोरांना शिकवेल. तिच्या पायांना ते फार छान जमायचं."

भाची समोरच बसली होती, भाकरी मोडत. मी फोनवर हात ठेवून तिला विचारलं. तिनं मान वर केली नाही.

"आत्या, त्यांना सांग, चिखलातून बाहीर निघायचं होतं म्हणून मी तो तुडवला."

मी शब्दाला शब्द सांगितलं.

"अय्या, किती सुंदर बोलली हो! हे आमच्या शिबिराच्या पत्रकावर छापू का?"