फौजदार डॉक्टर आणि माझी गोळी

दात दाखवायला आलेल्या माणसाची आधी पिशवी बघणारा डॉक्टर मी एकच पाहिला. लोणावळ्यात सगळे त्यांना फौजदार म्हणत. ‘आ’ करायच्या आधी प्रश्न यायचा, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"कसल्याच न्हाईत वो," परंदवडीची एक मावशी एकदा म्हणाली.

"मग पिशवीत खुळखुळतंय काय?"

"ती व्हय? ती पायाच्या सुजंची. ती काय औषध हाय?"

"पोटात जातं ते सगळं औषध, मावशी. काढा बाहेर."

पेशंटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "लोक दात दाखवतात, गोळ्या लपवतात," म्हणायचे. हा संशय मला अपमानाचा वाटे. निदान तसं मी दाखवत असे. कारण चाळिशीत टक्कल पडू लागलं म्हणून पुण्याहून आणलेल्या केसांच्या गोळ्या मी चोरून खात होतो. घरीही माहीत नव्हतं.

दाढ काढायच्या दिवशी चुलतभाऊ बाळू सोबत होता. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं. बाळूसमोर टकलाचं बोलायचं? गावभर हसं झालं असतं. "काही नाही," म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

दाढ नीट निघाली. मी खुर्चीतून झटकन उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कपाळ शेजारच्या बेसिनवर आपटलं. सहा टाके पडले.

"इंजेक्शन चुकलं ह्याचं!" बाळू दारात ओरडला. "लोकांच्या पिशव्या तपासतो, आन सोताचं बघत न्हाई!" पार उर्से गावापर्यंत बोभाटा झाला.

केसांची ती गोळी मुळात रक्तदाब उतरवायची. आडवं पडून एकदम उठलं की भोवळ येऊ शकते, हे गोळ्या देणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांनी मला दोनच दिवसांत सांगितलं. त्यामुळे आठवड्याने फौजदार घरी आले तेव्हा मला सगळं माहीत होतं.

"एकदा खरं सांगा. काही घेत होता?"

बाळू शेजारीच बसला होता. मी म्हणालो, "नाही."

त्यानंतर त्यांनी दाढा काढणं सोडलं. पुढे दवाखानाच बंद केला.

गेल्या महिन्यात तुंगार्लीला त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. शिव्या घालतील वाटलं होतं. ते म्हणाले, "तुमच्यावर मी दोनदाच संशय घेतला. स्वतःच्या हातांवर सात वर्षं घेतोय."

चहाचं विचारलं नाही. मीही थांबलो नाही. फाटकाबाहेर येऊन बाळूला फोन लावला.

"त्या डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं," म्हणालो. "मी टकलाच्या गोळ्या खात होतो."

बाळू हसला नाही.