धोंडीमामांची हाळी

भोरच्या माझ्या दवाखान्यात मी एका पेशंटचा घसा बघत होतो. बॅटरी बाजूला केली तसं तो म्हणाला, धोंडीमामा गेले, परवा झोपेतच... बॅटरी कितीतरी वेळ हातात तशीच पेटलेली राहिली. त्याला दीड महिना झाला. पण मामा आठवले की मला आधी हसूच येतं.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर मामांची तीसेक शेरडं. दिवस कलला की मामा वरून हाळी द्यायचे आणि शेरडं पळत यायची. दुसऱ्या कुणी कितीही घसा ताणला तरी ती मान वर करत नसत. तीच हाळी ऐकून खाली घरात भागामामी चुलीवर तवा ठेवायच्या. दोन वर्षांपूर्वी ती हाळी फाटायला लागली आणि मामा धास्तावून एसटीने माझ्याकडे आले.

नेमका त्याच दिवशी कंपनीचा माणूस घशाच्या दोन दुर्बिणी घेऊन बसला होता. आतलं सगळं टीव्हीसारख्या पडद्यावर दिसायचं. मला त्यातली एकच घ्यायची होती, आणि कडक नळीच्या दुर्बिणीचं चित्र इतकं स्वच्छ, की माझं मन तिच्यावरच बसलेलं. मामा तपासून घ्यायला हौसेने तयार झाले. त्यांची जीभ धरून ओढली, ‘ई’ म्हणायला लावलं. स्वरयंत्र ठणठणीत दिसलं. काही झालेलं नाही, असं मी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं. मामांनी शांतपणे तोंड पुसलं.

“डाक्टर, म्या शेरडांना ई म्हणत न्हाई.”

मी वरमलो. मग नाकातून जाणारी बारीक, लवचिक दुर्बीण घातली. आता जीभ मोकळी होती. द्या हाळी, म्हटलं. मामांनी अशी दिली की कंपनीचा माणूस खुर्चीसकट मागे सरकला आणि बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले... पडद्यावर स्पष्ट दिसलं, जोर लावताना मामांचा गळाच आवळला जात होता. हीच दुर्बीण घ्यायची, हे तिथंच ठरलं. पुढे महिनाभर मामांनी माझ्या अंगणात पोटातून आवाज काढायचा सराव केला. शेजारी कुरकुरले, पण हाळी परत आली. शेवटच्या तपासणीतली ती खणखणीत हाळी मशीनमध्ये आवाजासकट राहिली.

गेल्या आठवड्यात भागामामी आल्या. शेरडं खाली यायला तयार नव्हती, रोज डोंगर चढून त्यांना हाकलत आणावं लागत होतं. मशीनमधली हाळी मोबाईलात भरून द्या, एवढंच त्यांचं मागणं. दिली.

काल त्यांचा फोन आला. मी विचारलं, आली का शेरडं?

“आली की, पळत आली.” त्या हसल्या. “पर मोबाईल माझ्याच हातात व्हता न्हवं... तरी म्या आदी घरात पळाले, तवा ठिवाया.”