हात मांडीवर

आमच्या उमरखेडच्या घराची रस्त्याकडची खोली मी शुभदाला भाड्याने दिली ती एका अटीवर: दुपारी दोन ते चार आवाज नको. तहसील कचेरीत छत्तीस वर्षं लोकांचा गलका ऐकलेल्या माणसाला दुपारची झोप मागायचा हक्क आहे, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. शुभदा तिशीतली, नागपूरला कोर्स करून आलेली, कामाला वाघ. स्वमग्न मुलांना, म्हणजे ज्यांच्या कागदावर डॉक्टर ऑटिझम लिहितात त्यांना, ती शिकवायची. "काका, तुम्हाला चाहूलसुद्धा लागणार नाही," असं ती म्हणाली, आणि दुर्दैवाने तिने शब्द पाळला.

दोनची वेळ खुशीची होती. सात वर्षांची पोर. तिचे आजोबा सदाशिवराव तिला पैनगंगेकाठच्या गावाहून एसटीने आणायचे आणि समोरच्या टपरीवर चहा घेत बसायचे. खुशी बोलत नव्हती. ती दोन्ही हात हवेत झटकायची आणि घशातून एक लांब गुणगुण काढायची, पाण्याची मोटर कुणी बंद करायला विसरल्यासारखी. भिंतीपलीकडून मला ती स्पष्ट ऐकू यायची. मी दोनदा तक्रार केली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात होता.

शुभदा शिकून आली होती तीच पद्धत वापरायची. लाल प्लॅस्टिकची खुर्ची. 'हात मांडीवर' म्हटलं की हात मांडीवर, तोंड बंद, आणि 'उठ' म्हणेपर्यंत हलायचं नाही. जमलं की खडीसाखरेचा खडा. हात हलले की काही नाही. तिसऱ्या महिन्यात गुणगुण थांबली. खुशीच्या आईने पेढे पाठवले, पोरगी आता पाहुण्यांसमोर शहाण्यासारखी बसते म्हणून. मीही दोन खाल्ले.

पण मला झोप लागेना. भिंतीपलीकडे कुणीतरी आहे आणि श्वाससुद्धा घेत नाही, असं वाटायचं. एकदा खोली रिकामी समजून मी बाहेरून खिडकी लावायला गेलो. वीज गेलेली, आत अंधुक, आणि बरोबर समोर खुशी बसलेली. हात मांडीवर. डोळे माझ्या दिशेला, पण माझ्याकडे बघत नव्हते. शुभदा मागे कपाटात काहीतरी शोधत होती. खिडकी न लावताच मी परतलो.

सदाशिवरावांना टपरीवर सांगितलं, तर ते कप खाली ठेवून म्हणाले, "घरीबी तशीच करते, साहेब. परवा सुनेनं दिवा लावला त हे अंधारात कोपऱ्यात बसून होती. कवापासून, कोणाले मालूम."

मग तो गुरुवार आला. शुभदा कुण्या पालकाचा फोन घेऊन अंगणात गेली आणि बोलण्यात वीस मिनिटं कधी गेली ते तिला कळलं नाही. मी पाणी प्यायला उठलो, उघड्या दारातून सहज आत डोकावलो. खुशी खुर्चीत होती. तिच्या पायांवर काहीतरी लाल हलत होतं. मी चष्मा सारखा केला. मुंग्या. खुर्चीखाली महिनोन्महिने सांडलेल्या खडीसाखरेच्या चुऱ्यावर आलेल्या लाल मुंग्या तिच्या गुडघ्यापर्यंत चढल्या होत्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा चालल्या होत्या. तोंड बंद. हात मांडीवर.

"उठ, बेटा!" मी ओरडलो. ती हलली नाही. तिला 'उठ' म्हणणारा मी नव्हतो, शुभदा होती. तिची नजर शुभदाच्या रिकाम्या स्टुलावर होती. मी तिला उचललं, तर ती माझ्या हातांत तशीच बसलेली राहिली, गुडघे दुमडलेले, हात मांडीवर. इतकी जिवंत पोर आणि इतकी लाकडासारखी. मी आयुष्यात असा घाबरलो नाही.

सदाशिवराव धावत आले. धोतराचा सोगा ओला करून त्यांनी तिचे पाय पुसले. शुभदा दारातच थिजली होती. म्हातारा तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, "बाई, बैलाले जुंपलं तरी माशी बसली त शेपूट हालवू देतो आमी. तुमी माह्या पोरीची शेपूटच बांधून टाकली."

खोली महिनाभर बंद होती. शुभदाने ती खुर्ची फोडली, मी आवाज ऐकला. स्वतः स्वमग्न असलेल्या मोठ्या माणसांनी लिहिलेलं ती रात्रंदिवस वाचत होती. "हात हलवणं हे तिचं बोलणं होतं, काका," ती मला म्हणाली, "आणि मी तिचं तोंड दाबलं." मग ती खुशीच्या गावी गेली आणि सगळ्यांसमोर माफी मागून आली. सदाशिवरावांनी एकच विचारलं, "आता इले काय शिकवसान?"

"नको म्हणायला," शुभदा म्हणाली.

एका पुठ्ठ्यावर तिने लाल पंजा काढला. तो समोर धरला की समोरच्याने थांबायचं, मग तो कुणीही असो. पण खुशी आली आणि जिथे खुर्ची होती त्याच जागी जमिनीवर बसली. हात मांडीवर. दीड महिना हेच. शुभदा शेजारी बसून स्वतः गुणगुणायची, हात झटकायची. भिंतीअलीकडे पडून मी तो तिचा एकटीचा आवाज ऐकायचो आणि मनात म्हणायचो, पोर गेली हातची.

दिवाळीनंतर एका दुपारी भिंतीपलीकडून दोन आवाज आले. मी अनवाणी धावलो. खुशी खिडकीपाशी उभी होती, हात हवेत, गुणगुण चालू. माझे डोळे भरले. न राहवून मी आत गेलो आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढे झालो.

तिने पुठ्ठा उचलला आणि माझ्या छातीवर जोरात आपटला.

मी हात मागे घेतला. शुभदा तोंडाला पदर लावून रडत होती. खुशीने मला एकदा नीट बघितलं, मी खरंच थांबलोय ना ते, आणि पुन्हा खिडकीकडे वळून हात झटकायला लागली.