टोपण

आमच्या आबांनी नांदूरघाटात आयुष्यभर लग्नांचे फोटो काढले. काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा नेला तेव्हा घर हादरलं, पण ते म्हणाले, "फोटोवाला तसाबी एक डोळा झाकूनच काम करतो. माझा देवानं कायमचा झाकला." उजव्यानं नीट दिसतं असं ते सांगत आणि आम्हालाही तेच हवं होतं. मग त्यांचा कॅमेरा बंद पडला. आबा दोन घास खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला भीती वाटायची, हा माणूस असाच संपणार. अशात एके दिवशी त्यांनी भावकीतल्या लग्नाची ऑर्डर परस्पर घेतली आणि मला म्हणाले, "चल माजलगावला. जुना का हुईना, कॅमेरा बघू." अंथरुणातून उठले यातच मला सगळं मिळालं.

दुकान एका मुसलमान कारागिराचं, आबांच्या जुन्या ओळखीतलं. आबा कॅमेरा बघत ते बैल बघावा तसे, आधी अंगावरून हात फिरवून. स्क्रूच्या डोक्यांवर नख फिरवून म्हणाले, "कुणी खोलला न्हाई." मग भिंगावरचं टोपण काढून कॅमेरा कारागिराकडे दिला, "भिंगात बुरशी हाय का बघ." त्यानं बॅटरीचा उजेड मारून पाहिलं, भिंग स्वच्छ होतं. सवयीनं टोपण परत लावून त्यानं कॅमेरा आबांच्या हातात दिला. टोपण असलं की आत नुसता काळोख दिसतो; तसा कॅमेरा देणाऱ्याला आबा सोडत नाहीत, म्हणून मी मजा बघत उभी राहिले.

आबांनी कॅमेरा उजव्या डोळ्याला लावून माझ्याकडे रोखला.

"लई साफ हाय," ते म्हणाले. "जरा हनुवटी वर कर."

मी हनुवटी वर केली. कारागिरानं माझ्याकडे पाहिलं, पुढे होऊन हलक्या हातानं टोपण काढलं आणि म्हणाला, "काका, अजून एकदा बघा की."

आबांनी पाहिलं. "तेच की. कावून, काय झालं?"

मी हनुवटी वर करून तशीच उभी. कारागिरानं हातातलं टोपण काचेच्या काउंटरवर ठेवलं, टक असा आवाज झाला. आबांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी काच चाचपली, टोपण सापडल्यावर ते स्वतः भिंगावर बसवलं आणि कॅमेरा पुढे सरकवला.

"नको हा. शटर जड वाजतंय."

शटर त्यांनी एकदाही दाबलं नव्हतं. कारागीर म्हणाला, "व्हय काका, जरा जडच हाय." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

दुकानाच्या पायऱ्यांपाशी आबा थांबले. "हात दे बाई," म्हणाले. मी दिला. मला रडू फुटत होतं आणि आवाज न करता रडणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. बसस्टँडपर्यंत ते एवढंच बोलले, "लग्नाला दुसरा माणूस बघा म्हणावं त्यांना."